बत्तीस एकर, सतरा मोह

आमची जमीन विकायला काढली तेव्हा तिची जाहिरात मीच लिहिली. घरात सातवी पास झालेली मी एकटी, आणि दादाचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. बाबा ओसरीत येरझारा घालत सांगायचे, मी उंबऱ्याशी बसून लिहायची. 'विकणे आहे. चांदा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, रेल्वे ठेसनापासून तीन कोस, धानाची अव्वल जमीन, एकर बत्तीस. तळ्याचे पाणी. मोहाची मोठी झाडे सतरा. हवा थंड, शिकार भरपूर, रयत गरीब.'

"बाबा, रयत पण विकून राह्यले का?" मी विचारलं.

"लिही म्हटलं ते लिही," बाबा म्हणाले. "आन् खाली मालगुजार म्हणून सही कर."

मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करायचा हक्क, जाऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. गाव सरकारचं झालं होतं, आमच्याकडे उरली होती ती ही घरची बत्तीस एकर. वर्तमानपत्रवाल्यांनी आपल्या मनाने पुढे 'माजी' असं जोडून छापलं. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. जमीन चालली याचं त्यांना काही नव्हतं, 'माजी' छापलं याचं मात्र दुःख झालं. मी त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि माझं जेवून घेतलं.

विकायचं कारण काय, तर मी. म्हणजे मी आणि माझ्यासारख्या. लेकींनाही बापाच्या इस्टेटीत हिस्सा द्यायचा असा कायदा येणार, ही बातमी आमच्या भागात पोचली होती. पटकीची साथ आली की माणसं दबक्या आवाजात बोलतात, तशी आसपासची बडी माणसं आमच्या ओसरीत बसून बोलायची. "येऊन राह्यला म्हणे." "कुठवर आला?" "नागपूरवर आला." मग सगळे सुपारी कातरायचे. दादाने त्यावर तोड काढली. जमीन विकायची, शहरात धानाची गिरणी टाकायची, आणि गिरणी दादाच्या नावावर. जमीन असली तर बहीण हिस्सा मागेल. गिरणीत काय मागेल, कोंडा? हे तो माझ्यासमोरच बोलायचा, मी चहा घेऊन उभी असताना.

आता माझं सांगते. माझा नवरा मेला नव्हता. चांगला धडधाकट होता, हिंगणघाटला जिनिंगमध्ये मुनीम होता. फक्त तिथे त्याने दुसरी केली होती, आणि तेव्हा तसं करायला कोणाची आडकाठी नव्हती. मी माझी पेटी घेऊन बापाच्या घरी परत आले. आई होती तोवर ठीक होतं. आई गेली, मग स्वयंपाकघर माझ्याकडे आलं आणि किल्ल्या वहिनीकडे गेल्या. बाबा एकदा, फक्त एकदा, ताप भरलेला असताना मला म्हणाले होते, "तळ्याखालचे चार एकर तुह्या पोटासाठी." ताप उतरला, चार एकरही उतरले. माझ्या डोक्यातून मात्र ते जाईनात. जमीन विकली की मी जन्मभर दादाच्या गिरणीमागच्या खोलीत भात रांधणार, हे मला लख्ख दिसत होतं. मला सोनं-नाणं नको होतं. जिथून कोणी मला ऊठ म्हणणार नाही एवढी जागा हवी होती. आणि त्याच जमिनीची जाहिरात मी सुवाच्य अक्षरात लिहून पोस्टात टाकली! सांगितलेलं काम करायची सवय फार वाईट.

गिऱ्हाइकं आली. पहिला आला तो लाकडाचा ठेकेदार. तो धानाच्या बांध्यांमधून चालला तो मान वर करून. कडेच्या सागाकडे पाहायचा, काहीतरी पुटपुटायचा, पुन्हा वर पाहायचा. जमिनीकडे त्याने एकदाच पाहिलं, बांधावरून घसरून चिखलात बसला तेव्हा. बाबांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. "ज्याले भुई दिसत नाई त्याले भुई काऊन द्यावं?" असं म्हणून आत निघून गेले. मला तेव्हा बाबांचं कौतुक वाटलं. जरा घाईने वाटलं, पण वाटलं.

दुसरा होता एक निवृत्त ठाणेदार. त्याला धानाशी काही घेणं नव्हतं, त्याला वाघ हवा होता. दादाने वाघाची अशी हमी दिली, की जणू पटवाऱ्याच्या कागदात वाघाचीही नोंद असावी. भर दुपारी त्याला तळ्यावर नेलं, तर ओल्या मातीत खरोखरच पंजा उमटलेला. ताजा, ताटलीएवढा. ठाणेदाराने खांद्यावरची बंदूक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि विचारलं, "हा इथे नेहमी येतो?" दादाला वाटलं सौदा झालाच. "रोज येते साहेब, रोज! आपल्या ओसरीपर्यंत येते!" ठाणेदार संध्याकाळच्या गाडीने नागपूरला परत गेला. निघताना बंदूक त्याने पेटीत घालून बंद केली होती.

तिसरा आला चैत्रात. हा कोर्टातला नाझर होता, नुकताच पेन्शनीत निघालेला. उभी हयात त्याने लोकांच्या घरी जप्त्या नेल्या, भांडी-बैल-कवाडांच्या याद्या केल्या, आणि साहेबासमोर हुजूर हुजूर करून जीभ झिजवली. आता त्याची एकच इच्छा होती, आपल्याला कोणीतरी मालक म्हणावं. दादाने ते बरोबर हेरलं. ठेसनावर आमच्या नांगऱ्याला, शेतावरच्या गड्याला, उभं केलं. गाडीतून उतरल्या उतरल्या नांगऱ्याने कमरेत वाकून "रामराम मालक" म्हटलं, आणि नाझरसाहेब तिथेच विरघळले. दमणीत, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीत, बसून आमच्या घरी पोचेपर्यंत त्यांनी सौदा मनातल्या मनात करून टाकला होता. मालगुजारी सरकारने बंद केली खरी, पण हौस कोण बंद करणार?

त्यांच्या हाडीमाशी मुरलेली खोड एकच. यादी केल्याशिवाय सही नाही. ते म्हणाले, "जाहिरातीत जे जे आहे ते मला डोळ्यांनी पाहायचं, नंबर टाकायचा आणि कागदावर घ्यायचं." लिहायला कोण? मीच. बाबा, दादा, पटवारी, नाझरसाहेब आणि कागद-दौत घेऊन मी, अशी वरात दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली. मला वाटत होतं, या यादीतला शेवटचा शब्द लिहिला की माझं कायमचं ठरलं.

बांध, पाट, तळ्याची पाळ, सगळं लिहून झालं. मग मोह.

चैत्रात मोह पडतो. टपटप, पिवळसर, रसाने भरलेली फुलं, पहाटेपासून ऊन चढेपर्यंत. बायकांनी आधीच झाडांखालचा पाचोळा जाळून भुई झाडून साफ केलेली असते, म्हणजे फुलं मातीत हरवत नाहीत. हे सगळं मी लांबून पाहिलेलं. मालगुजाराच्या घरची पोर मोह वेचत नसते, असं घरचं म्हणणं. त्या मला मजुरीने वेचणाऱ्या बायका वाटायच्या. किती वर्षं राहिले मी त्या गावात, आणि काय मला ठाऊक होतं? शष्प!

पहिल्या झाडाखाली एक बाई टोपली घेऊन वेचत होती. नाझरसाहेब बाबांकडे हात करून म्हणाले, "लिहा. झाड पहिलं, मालक आपण."

बाईने मान वर केली. "कोन मालक? हे झाड माह्या पोरीचं हाय."

"पोरगी कुठे आहे?"

"सासरी. नदीपल्याड. मी तिच्यासाठी वाळवून ठेवून राह्यली, ते दिवाळीले येऊन नेते."

नाझरसाहेबांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी आकाशाकडे पाहिलं. दुसऱ्या झाडाखाली दुसरी बाई, आणि ते तिचं स्वतःचं. तिसरं तिच्या जावेच्या मुलीचं. चौथ्याखाली एक म्हातारी होती, तिच्या मेलेल्या लेकीचं झाड आता नातीकडे आलं होतं. दहाव्या झाडाशी पोचेपर्यंत नाझरसाहेबांच्या टोपीखालून घाम निथळायला लागला.

"ही काय भानगड आहे? जाहिरातीत सतरा झाडं म्हणून लिहिलंय!"

"सतराच आहेत," मी म्हटलं. "मोजून घ्या."

दादाने माझ्याकडे असे डोळे वटारले, की दुसरी कोणी असती तर कागद टाकून पळाली असती. शेवटी बाबांना तोंड उघडावं लागलं. गावची वहिवाट आहे, म्हणाले. गोंडांच्या घरी, आणि त्यांचं पाहून इतरांच्याही घरी, पोरगी झाली की सुईण तिच्या नावाने एक मोहाचं झाड सांगते. शेत कोणाचं का असेना. पोरांना जमीन, पोरींना झाड. पोरगी सासरी गेली तरी झाड तिचंच. कागदावर झाडं आमची होती, आणि झाडांखाली त्या होत्या. आजवर कोणी विकायला काढलं नव्हतं, म्हणून हे दोन्ही एकमेकांना कधी भेटलं नव्हतं.

वहिवाट हा शब्द ऐकून नाझरसाहेब एकदम सावध झाले. कोर्टातल्या माणसाला देव नाही दिसला तरी चालतो, वहिवाट दिसली की तो हात जोडतो. "याला पुरावा?" त्यांनी विचारलं. आणि इथे बाबा फसले. त्यांना जुने दिवस आठवले. छाती काढून सांगायला लागले, "पुरावा मी! दोघी नणंद-भावजया एका झाडावरून भांडत आल्या होत्या माह्या ओसरीत. म्या न्याय केला. म्हटलं, झाड पोरीचं, सुनेचं नाई. माह्या शब्दाबाहेर गाव नव्हतं साहेब!" झाडांखालच्या बायका माना डोलवत होत्या. दादा दातओठ खात होता. पुढची सहाही झाडं तशीच निघाली, तेव्हा नाझरसाहेब मला म्हणाले, "लिहा, पहिलं ते सोळावं, विक्रीतून वगळून."

सतरावं झाड तळ्याच्या अंगाला होतं, सगळ्यांत दांडगं. खाली भुई स्वच्छ झाडलेली, फुलांचा सडा पडलेला, आणि माणूस कोणी नाही.

"चला, एक तरी बेवारस निघालं," नाझरसाहेब म्हणाले.

"बेवारस कसं? आमचं हाय ते," दादा म्हणाला.

तेवढ्यात गावची सुईण काठी टेकत आली. गोंडाची म्हातारी, गावातलं अर्धं माणूस तिच्या हातावर झालेलं, मीसुद्धा. झाडाखाली उकिडवी बसली, दम खाल्ला आणि म्हणाली, "हे पोरीचं हाय."

"कोणाच्या पोरीचं?" बाबांनी विचारलं.

"तुमच्या."

म्हातारीच पुढे बोलली. "इसरले का मालक? बाई झाली त्या दिवशी मी ओसरीत आली. म्हटलं मालक, पोरगी झाली, झाड सांगा. तुमी तोंड फिरवलं आन् म्हणले, दे तुले वाटल ते. मंग मले जे सगळ्यात मोठं वाटलं ते देलं."

"आन् इतक्या सालाचा मोह कुठी गेला?" दादाने विचारलं. त्याला वाटलं, आता म्हातारी सापडली.

"तुह्या मायले देत होती. दरसाल, मागच्या दारानं. तुह्या मायनं त्याच्यातूनच पोरीची पाटी-पुस्तकं घेतली. तुही माय गेली तवापासून वाळवून माह्या घरी ठेवून राह्यली. बाईले सांगावं कसं, ते कधी इकडं येतच नाई."

मला तिथेच रडू फुटलं, आणि चारचौघांत रडू फुटलं याचा रागही आला. माझी शाळा बाबांनी केली असं आई मला सांगायची. बाबांनाही तसंच वाटायचं, पाहुण्यांना सांगायचे, "पोरीले शिकवली म्या." आणि शिकवलं होतं या झाडाने, आईने आणि या म्हातारीने. आई, एकदा तरी बोलायचं होतंस गं! मी पदराने नाक पुसलं आणि बोरू दौतीत बुडवला. कागदावर पाण्याचे दोन थेंब पडले होते, नाझरसाहेबांनी टिपकागद पुढे केला.

दादा मोठा व्यवहारी. तो लगेच सावरला. "झाडच ना? घेऊ दे झाड. येचू दे फुलं. जमीन आपली."

"मोह पडते कुठी रे, हवेत?" म्हातारी म्हणाली. "मोह जिथवर पडते तिथवरची भुई झाडावालीची. तिनं झाडून ठेवली की दुसऱ्याचा पाय नाई पडत. पुसल्याबिगर मालकही आत येत नाई."

नाझरसाहेबांनी हेही बाबांना विचारलं. खरं आहे का? बाबांनी हो म्हटलं, त्यांना हो म्हणावंच लागलं. मग दादाने त्यांना बाजूला ओढलं. बाजूला म्हणजे चार हात, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "बाबा, सोळा द्या, पन हे नका लिहू. आज झाड मागते, उद्या कायद्यानं जमीन मागल. म्हणा की मले आठवत नाई."

बाबा उभे राहिले. सोळा झाडांखालच्या बायकांनी वेचणं थांबवलं होतं. त्या ओरडल्या नाहीत, पुढे आल्या नाहीत. टोपल्या कडेवर घेऊन नुसत्या पाहत होत्या. म्हातारी हळूच म्हणाली, "मालकाचा एक शब्द खोटा, तं मंग सगळ्याच पोरींचे झाडं खोटे." मी मनात म्हणत होते, म्हणा हो, एवढं एकदा म्हणा.

बाबांनी घसा खाकरला. गाव गेलं होतं, शेतसारा गेला होता, आता जमीनही चालली होती. त्यांच्याकडे उरला होता तो एक शब्द, आणि तो ऐकायला सगळं गाव उभं होतं.

"लिही," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "सतरावं झाड माह्या लेकीचं. मोह पडते तिथवर."

हे त्यांनी माझ्या मायेपोटी केलं असं मला कोणी सांगू नये. लोक सांगतात, मी ऐकून घेते. माझी माया असती तर ताप उतरल्यावरही चार एकर आठवले असते. त्यांनी ते मालकपणापायी केलं. मला चाललं. द्यायचं कारण देणाऱ्याचं, मी फक्त लिहून घेतलं, आणि असं ठसठशीत लिहिलं की कोणाला खोडता येऊ नये.

मग मोजणी. काय तो तमाशा! पटवारी साखळी घेऊन बसला आणि नेमका वारा सुटला. फूल पडायचं इथे आणि उडून जायचं तिथे. दादा म्हणे, वाऱ्याने गेलेलं धरायचं नाही. बायका म्हणाल्या, वारा काय आम्ही बोलावला? दादा चक्क वाऱ्याच्या तोंडाला धोतर पसरून उभा राहिला. नाझरसाहेब मधे बसून दोन्हीकडचं ऐकत होते, "शांतता, शांतता" म्हणत होते, आणि मला वाटतं तो त्यांच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा दिवस होता. शेवटी बायकांचंच खरं झालं. पटवाऱ्याने खुंट्या ठोकल्या. चार एकर काही भरले नाहीत. एक खोली, पुढे अंगण, मागे कुंपण, एवढंच भरलं.

तेवढ्यावर माझं झालं. म्हातारीच्या मुलांनी आणि त्या सोळा जणींनी मिळून मला मातीच्या भिंती घालून दिल्या. पुढल्या साली गावात शाळा निघाली, सातवी पास बाई दुसरी कोण होती? मास्तरीण झाले. बाकीची जमीन नाझरसाहेबांनी घेतली, दादाची गिरणी शहरात सुरू झाली, बाबा तिकडे राहायला गेले. वहिनीने माणसाकरवी निरोप धाडला, स्वयंपाकाचं कसं करायचं? मी उलट निरोप धाडला, तांदूळ धुऊन घ्यायचे, पाणी दुप्पट ठेवायचं.

मोह वेचायला मात्र मला शिकावं लागलं. पहिल्या दिवशी माझी कंबर धरली आणि बायका हसून हसून लोळल्या. "बाई, वाकावं लागते, पाटीवर लिहून नाई होत!" दुसऱ्या चैत्रापर्यंत हात बसला.

त्या चैत्रात एका सकाळी बाबा आले. दमणी रस्त्यावर सोडून एकटेच चालत आले. खूप थकले होते. शहरात त्यांना कोणी मालक म्हणत नव्हतं, गिरणीवर लोक त्यांना "बुढ्याबाबा, सरका" म्हणायचे, हे मला नांगऱ्याने सांगितलं होतं. ते सरळ माझ्या दाराशी येतील असं मला वाटलं. तर ते झाडलेल्या भुईच्या कडेला थांबले. जोडे काढून हातात घेतले.

"बाई," ते म्हणाले, "येऊ का आत?"

मी खाली पाहून वेचत राहिले. ऊन चढलं होतं, ते टोपी काढून डोकं पुसत उभे होते. मला त्यांची दया येत होती आणि बरंही वाटत होतं, खरं तेच सांगते. टोपली भरत आली तेव्हा मी उठले.

"या, बाबा," मी म्हटलं. "पायाखाली पाहून या."